मानसी जोशीच्या नावाने फिरणारे ते सहा महिने

माझ्या मावसबहिणीचा मुलगा बावीस वर्षांचा आहे. फेब्रुवारीत बाइकच्या अपघातानंतर त्याचा पाय मांडीतून काढावा लागला. गेल्या आठवड्यात त्याला एकच फॉरवर्ड तीन जणांनी पाठवला. एक काका, एक शाळेतला मित्र आणि त्याच्या आईच्या भिशीतल्या एक बाई, ज्यांना त्याचा नंबर कुठून मिळाला देव जाणे. काकांनी खाली स्वतःची ओळ जोडली होती : "बघ. आणि तू अजून पलंगावर." पोराने मला स्क्रीनशॉट पाठवला आणि वर एवढंच लिहिलं, "मावशी, मला पाचवा महिना चालू आहे. एकच उरला."

तो विनोद करत होता, असं मी धरून चालले. पण रात्री झोप लागेना, तेव्हा उठून ते फॉरवर्ड पुन्हा वाचलं. तुमच्याकडेही आलं असेलच, तरी देते :

"मुंबईची मानसी जोशी. ट्रकने पाय चिरडला. आयुष्यात कधी रॅकेट हातात धरली नव्हती. पण ती रडत बसली नाही! अवघ्या सहा महिन्यांत नकली पायावर उभं राहून ऑलिम्पिकचं सुवर्णपदक जिंकलं. टाइम मासिकाच्या मुखपृष्ठावर झळकणारी पहिली भारतीय. पण मीडियाला फक्त सिंधू दिसते. मनात आणलं तर काहीही अशक्य नाही. कारणं सांगणाऱ्यांना पाठवा."

शेवटची ओळ लक्षात ठेवा, तिच्याकडे मी येणारच आहे.

आधी किरकोळ माल उरकते. रॅकेट कधी हातात धरली नव्हती? मानसीचा जन्म राजकोटचा, पण ती वाढली अणुशक्तीनगरात. वडील भाभा अणुसंशोधन केंद्रात होते आणि बॅडमिंटन तिला लहानपणी त्यांनीच शिकवलं. पुढे सोमय्यातून इंजिनिअर झाली, सॉफ्टवेअरमध्ये नोकरीला लागली, तेव्हाही खेळणं होतंच. अपघातानंतर ती पुन्हा कोर्टवर गेली ती ओळखीच्या जागी परत गेली. मनगटाला फटका माहीत होता, डोळ्याला शटल माहीत होतं. नवीन होता तो फक्त पाय. हा भाग गाळला की गोष्ट चमत्काराची होते, म्हणून तो गाळलाय.

टाइमचं म्हणाल तर ऑक्टोबर २०२० मध्ये मासिकाच्या आशिया आवृत्तीच्या मुखपृष्ठावर ती होती, हे खरंच आहे. पण पहिली भारतीय? गांधीजी १९३० सालीच त्या मुखपृष्ठावर येऊन गेले. पॅरा, म्हणजे अपंगत्व असलेली, खेळाडू म्हणून तिचा मान वेगळा आणि मोठा आहे. तो मान जसा आहे तसा लिहिला असता तरी पुरला असता.

ऑलिम्पिकचं सुवर्ण. इथे मात्र हात कपाळाला लावावा लागतो. मानसीचं जे सुवर्णपदक जगाने पाहिलं ते ऑगस्ट २०१९ मधलं, स्वित्झर्लंडच्या बासेलमधलं, पॅरा बॅडमिंटनच्या जागतिक स्पर्धेतलं. अंतिम सामन्यात तिने पारुल परमारला २१-१२, २१-७ असं हरवलं. पारुल म्हणजे कोणी पहिल्या फेरीतली पाहुणी नव्हे. त्या गटात वर्षानुवर्षं सगळ्यांना हरवत आलेली, २०१७ ची जगज्जेती, आदल्याच वर्षी जकार्तात आशियाई पॅरा स्पर्धेचं सुवर्ण घेतलेली. तिला दुसऱ्या गेममध्ये सात गुणांवर रोखणं म्हणजे काय, हे खेळणाऱ्याला विचारा. आणि फॉरवर्ड लिहिणाऱ्याला हे पदक छोटं वाटलं! जगज्जेती म्हणून भागेना, म्हणून त्याने पदरचं ऑलिम्पिक चिकटवलं.

बरं, ऑलिम्पिक म्हणजे पॅरालिम्पिक असं समजून घेऊ. बॅडमिंटन पॅरालिम्पिकमध्ये पहिल्यांदा आलं ते टोकियोत, २०२१ मध्ये. एकूण १४ प्रकार ठेवले होते. मानसीचा गट एसएल-३, म्हणजे उभं राहून खेळणारे पण पायाचा दोष जास्त असलेले. त्या गटातल्या पुरुषांची एकेरी होती, प्रमोद भगतने ती जिंकलीही. महिलांची एसएल-३ एकेरी त्या यादीत नव्हतीच. जगज्जेती घरात बसून होती, कारण तिच्या एकेरीचे सामनेच ठेवलेले नव्हते. तीन वर्षांनी पॅरिसमध्ये तो प्रकार घेतला आणि त्याच वेळी एसएल-३ ते एसयू-५ (पायाचा किंवा हाताचा दोष असलेल्या गटांची) महिला दुहेरी काढून टाकली. तुलसीमती मुरुगेसनबरोबर मानसी जी दुहेरी खेळते, ज्यात दोघींनी हांगझोच्या आशियाई पॅरा स्पर्धेत रौप्य मिळवलं होतं, तीच. एका हाताने दिलं, दुसऱ्या हाताने घेतलं.

पॅरिसमध्ये ती एकेरी खेळली आणि गटसाखळीतच बाहेर पडली. इंडोनेशियाच्या कोनिता सियाकुरोहविरुद्ध पहिला गेम २१-१६ जिंकून पुढचे दोन १३-२१, १८-२१ असे हरली. युक्रेनच्या ओक्साना कोझिनाविरुद्ध पहिला २१-१० असा सहज घेतला, दुसरा १५-२१ गेला आणि तिसरा २१-२३. यातलं काहीही लपवण्यासारखं नाही. जिला २१-२३ ने हरणं ठाऊक आहे तिच्या गळ्यात खोटं सुवर्ण कशाला अडकवता?

आता ते सहा महिने.

मानसीचा अपघात डिसेंबर २०११ मधला. दुचाकीवरून कामाला जाताना उलट्या बाजूने आलेल्या ट्रकने उडवलं. उपचार सुरू व्हायलाच कितीतरी तास गेले, हे तिने स्वतः अनेकदा सांगितलंय. पाय वाचवायचे प्रयत्न झाले, शेवटी तो काढावा लागला. पुढच्या वर्षी कृत्रिम पायावर चालायला शिकली आणि ऑफिसच्या स्पर्धेत खेळली. फॉरवर्डवाल्याला अर्धं सत्य कुठे सापडलं असेल तर ते इथे. हो, ती लवकर कोर्टवर परतली. मान्य. कंपनीतल्या स्पर्धेत.

त्यानंतर २०१४ मध्ये आशियाई पॅरा स्पर्धेची निवड चाचणी दिली, निवड झाली नाही. २०१५ च्या जागतिक स्पर्धेत मिश्र दुहेरीत रौप्य. २०१७ च्या जागतिक स्पर्धेत एकेरीत कांस्य. २०१८ मध्ये हैदराबादला गोपीचंद यांच्या अकादमीत जाऊन सराव सुरू केला, त्या वर्षी जकार्तात पुन्हा कांस्य. आणि मग बासेल. डिसेंबर २०११ ते ऑगस्ट २०१९. बोटांवर मोजा. सात वर्षं आठ महिने. निवड न झालेलं एक वर्ष आणि दोन कांस्यं त्यातच आली.

हा आकडा मी का धरून बसले आहे, ते सांगते. पाय काढल्यावर उरतो त्या भागाला सगळे स्टंप म्हणतात, आमच्या घरातही आता हाच शब्द रुळलाय. पहिले कित्येक महिने तो रोज बदलत असतो. सूज उतरते, स्नायू आटतात, सकाळचं माप संध्याकाळी राहत नाही. म्हणून तो घट्ट पट्टीत बांधून ठेवायचा. जखम पूर्ण भरल्याशिवाय पाय बसवता येत नाही. स्टंप ज्यात बसतो त्या कृत्रिम पायाच्या वाटीला सॉकेट म्हणतात. पहिलं सॉकेट तात्पुरतं असतं, स्टंप आटला की ते सैल होतं, मग आत मोजे चढवायचे, एक, दोन, चार, आणि तेही पुरेनासे झाले की पुन्हा नवं माप. गुडघ्याच्या वरून पाय गेला असेल तर गुडघाही नकलीच. त्यावर विश्वास टाकायला शरीर शिकतं, पण त्याच्या वेळेने शिकतं. घाईने सॉकेट घालून चाललं की कातडी सोलते, आणि सोलली की पुन्हा आठवडाभर पलंग. हो, तोच पलंग, काका.

शिवाय जो पाय नाही त्याची बोटं रात्री दुखतात. यावर फॉरवर्ड नाही.

अशा पोराला "सहा महिन्यांत सुवर्ण" हे वाक्य पाठवणं म्हणजे चुकीचं वेळापत्रक हातात देणं आहे. तो घाई करेल, कातडी फाडून घेईल. किंवा सहावा महिना उलटल्यावर स्वतःला नालायक ठरवेल. दोन्हींपैकी काय झालं तर पाठवणाऱ्याला चालणार आहे, ते त्याने सांगावं.

हे सगळं मी कुटुंबाच्या ग्रुपवर टाकलं. काकांचं उत्तर आलं ते असं : "असेल. पण पॅरामध्ये अर्धंच कोर्ट असतं म्हणे. मग एवढं काय?"

म्हणजे सकाळी ती देवी होती आणि दुपारी तिचं पदक अर्ध्या किमतीचं झालं. तर घ्या अर्धं कोर्ट. जागतिक बॅडमिंटन महासंघाने गट कसे पाडलेत ते त्यांच्या नियमांत सरळ लिहिलेलं आहे, कुणीही उघडून वाचावं. डब्ल्यूएच म्हणजे व्हीलचेअरवाले, एसएल म्हणजे उभं राहून खेळणारे पण कमरेखाली दोष असलेले, एसयू म्हणजे हाताचा दोष, एसएच म्हणजे बुटकेपणा. एसएल-३ आणि एसएल-४ मधला फरक तीव्रतेचा. एक पाय गुडघ्याखालून गेलेला खेळाडू साधारण एसएल-४ मध्ये येतो आणि एकेरीतही पूर्ण कोर्टवर खेळतो. गुडघ्याच्या वरून गेला असेल तर एसएल-३, आणि एसएल-३ ची एकेरी अर्ध्या कोर्टवर.

हे अर्धं कोणतं? कोर्ट उभं कापलेलं. रुंदी अर्धी, लांबी तीच. जाळ्याची उंची तीच, शटल तेच, २१ गुणांचे तेच तीन गेम. जाळ्यापासून मागच्या रेषेपर्यंतचं अंतर इंचभरही कमी झालेलं नाही. म्हणजे समोरचा ड्रॉप, जाळ्यालगत पडणारा हलका फटका, टाकणार, तुम्ही नकली गुडघ्यावर पुढे झेपावणार, शटल उचलणार, आणि पुढचा फटका तो तुमच्या डोक्यावरून मागे टाकणार. पुढे, मागे, पुढे, मागे. एका चांगल्या पायावर ब्रेक लावायचा आणि त्याच पायाने उलट ढकलून निघायचं. बाजूला पळायचं वाचलं हे खरं, पण रुंदी कमी म्हणून रिकामी जागाही कमी. फटका मारून गुण मिळत नाही, रॅली लांबत जाते. पॅरिसला नितेश कुमार आणि डॅनियल बेथेल यांचा पुरुषांचा अंतिम सामना झाला तो याच गटातला, याच अर्ध्या कोर्टवरचा. नितेशने तो २१-१४, १८-२१, २३-२१ असा जिंकला. काकांनी तो व्हिडिओ लावावा आणि पहिल्या दहा रॅली उभं राहून बघाव्यात. नुसत्या बघाव्यात.

राहता राहिली सिंधू. इथे मात्र मला थोडं मागे सरावं लागतं. २०१९ मध्ये, त्याच आठवड्यात, त्याच बासेलमध्ये पी. व्ही. सिंधूनेही जागतिक सुवर्ण जिंकलं होतं. तिचं कौतुक क्षणात देशभर झालं, मानसीचं नाव लोकांपर्यंत पोचायला दिवस गेले, आणि पॅरा संघाला मोठ्यांच्या शुभेच्छा मिळाल्या त्या लोकांनी ओरड केल्यावर. ती ओरड रास्त होती. मीसुद्धा तेव्हा रागाने काहीतरी शेअर केलं होतंच. पण आज ते दुखणं सिंधूवर ढकलण्यात काय अर्थ आहे? मानसीने स्वतः सिंधूचं जाहीर अभिनंदन केलं होतं. दोघींच्या खेळामागे तेव्हा एकच अकादमी होती, गोपीचंद यांची. सिंधूने तिचं काहीही घेतलेलं नाही. आणि दखलच म्हणाल तर त्यानंतर टाइमचं मुखपृष्ठ झालं, बीबीसीच्या शंभर महिलांच्या यादीत नाव आलं, तिच्यासारखी दिसणारी एक बार्बी झाली, २०२२ मध्ये ती जागतिक क्रमवारीत पहिल्या स्थानावर गेली आणि त्याच वर्षीचा अर्जुन पुरस्कारही मिळाला. सिंधूच्या नावाने गळा काढणाऱ्या किती जणांनी मानसीचा एक तरी सामना पूर्ण पाहिलाय?

आणि आता ती ओळ. "कारणं सांगणाऱ्यांना पाठवा."

मनात आणलं होतं, यात शंका नाही. पण मनाबरोबर पगार होता, पाठीशी आईवडील होते, खेळता येईल असा पाय मिळाला, तासन् तास मेहनत घेणारे फिजिओ आणि प्रशिक्षक मिळाले, आणि २०१८ नंतर देशातल्या सर्वोत्तम अकादमीपैकी एकीचं कोर्ट मिळालं. यातलं एकेक काढून बघा, मन कुठपर्यंत नेतं ते. बहिणीच्या मुलाच्या बाबतीत आत्ता प्रश्न असा आहे की चांगला गुडघा काही लाखांना पडतो, विम्याचा दावा अडकलाय आणि फिजिओ आठवड्यातून दोनदाच येऊ शकतात. याला काका "कारणं" म्हणतात. मी याला हिशोब म्हणते, आणि त्या हिशोबात फॉरवर्डने भर पडत नाही. काकांना मी विचारलंय की महिन्याच्या फिजिओच्या फीमधली निम्मी रक्कम द्याल का. निळ्या टिका आल्यात.

पोराला मी बासेलचा अंतिम सामना शोधून पाठवला, खाली वर्षं लिहून : २०११, २०१४ नाही, २०१५ रौप्य, २०१७ कांस्य, २०१८ कांस्य, २०१९. तासाभराने त्याचा मेसेज आला. "हिचं सॉकेट गुलाबी आहे काय? मला पण रंग निवडता येतो का विचार ना."

विचारलं. येतो म्हणाले. पण आधीचं सैल झालंय, त्यामुळे गुरुवारी पुन्हा माप द्यायचं आहे.