सही केली म्हणून बोटवाला सुटत नाही

स्कूबाच्या बोटीवर कुणी दगावलं की एक युक्तिवाद हमखास पुढे येतो. समुद्रात जाणाऱ्याने धोका पत्करलेलाच असतो, बोटीची तपासणी झालेली होती, ‘काही झालं तर जबाबदारी माझी’ अशा फॉर्मवर प्रवाशांच्या सह्याही होत्या, मग बोटवाल्याला दोष कशाला? हे ऐकलं की मला कॅलिफोर्नियाची ‘कन्सेप्शन’ ही स्कूबाची बोट आठवते.

“धोका पत्करला होता.” कोणता? पाण्याखालचा. ‘कन्सेप्शन’वरचे ३४ जण गेले तेव्हा पाण्यात कुणीच नव्हतं. २ सप्टेंबर २०१९ ची पहाट, तीन वाजून गेलेले, बोट सांता क्रूझ बेटाजवळ नांगरलेली, प्रवासी तळाच्या खोलीत झोपलेले. वरच्या दालनात आग लागली. खालून निसटायला जिना होता आणि झोपायच्या बंकच्या वर छताला बाहेर पडायची एक झडप होती, पण दोन्ही वाटा त्याच पेटलेल्या दालनात निघत होत्या. ३३ प्रवासी आणि एक कर्मचारी गेले. वरच्या डेकवर झोपलेले कप्तानासह पाचजण वाचले. मृतांत नागपूरची एक मुलगी आणि तिचा नवराही होता. प्रवासी झोपलेले असताना कुणीतरी जागं राहून फिरता पहारा द्यायचा, ही त्या बोटीच्या प्रमाणपत्रातलीच अट होती. त्या रात्री कुणीही जागं नव्हतं. हा धोका त्या माणसांनी कधी पत्करला?

“तपासणी झालेली होती.” झाली होती, आणि बोट त्यात पासही झाली होती. आग नेमकी कशाने लागली हे अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाला ठरवता आलं नाही. तरी दुर्घटनेचं कारण म्हणून मंडळाने मालक कंपनीच्या देखरेखीतल्या ढिलाईवर ठपका ठेवला, पहारा न ठेवण्यासकट. त्याहून अस्वस्थ करणारी गोष्ट म्हणजे पहारा नव्हता म्हणून तटरक्षक दलाने कुणावर कारवाई केल्याची १९९१ पासून एकही नोंद नव्हती. धक्क्यावर दिवसा अग्निशामक नळकांडी मोजता येतात, रात्री कोण जागतं ते दिसत नाही. म्हणूनच डिसेंबर २०२१ च्या नव्या नियमांत पहारेकरी खरोखर जागा आहे का, यावर उपकरणाने नजर ठेवण्याची तरतूद आली.

“नशीबच तसं.” १९९८ साली ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरियर रीफवर एक अमेरिकन जोडपं पाण्यातच राहिलं आणि बोट किनाऱ्याला परतली. डोकी मोजण्यात चूक झाली होती. दोन दिवसांनी त्यांची बॅग बोटीवर सापडली तेव्हा कुठे लक्षात आलं. दोघं कधीच मिळाले नाहीत. कप्तान निर्दोष सुटला, कंपनीला मात्र दंड झाला. मोजणी चुकणं हे नशीब नव्हे.

“सही केली होती.” यात थोडं तथ्य आहे, ते नाकारत नाही. साध्या निष्काळजीपणाची भरपाई मागताना अमेरिकेतली न्यायालयं असे फॉर्म बऱ्याचदा ग्राह्य धरतात. ‘कन्सेप्शन’च्या मालकांनी तर आग विझून आठवडा व्हायच्या आत अमेरिकेच्या १८५१ च्या कायद्याखाली अर्ज केला की आमची देणी बोटीच्या उरलेल्या किमतीपुरतीच ठेवा. बोट बुडालेली, म्हणजे किंमत शून्य! तो कायदा छोट्या प्रवासी बोटींसाठी डिसेंबर २०२२ मध्ये बदलावा लागला. पण फौजदारी गुन्हा कुणाच्या सहीने माफ होत नाही. कप्तान २०२३ मध्ये दोषी ठरला आणि २०२४ मध्ये त्याला चार वर्षांची शिक्षा झाली. आपल्याकडेही निष्काळजीपणाने मृत्यू घडवणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ खाली गुन्हा आहे.

मे २०२२ मध्ये तारकर्लीला स्कूबाहून परतणारी बोट उलटून दोन पर्यटक गेले. तेही तेव्हा डायव्हिंग करत नव्हते, बोटीत बसलेले होते. मालवणला जाणार असाल तर फॉर्म हातात आल्यावर तांडेलाला विचारा: लाइफ जॅकेट सगळ्यांना पुरतील एवढी आहेत का, बोटीवर किती जण बसवणार, आणि परत निघण्याआधी नावं घेऊन कोण मोजणार? उत्तर देताना टाळाटाळ झाली, तर सही करू नका.