विलायतेतल्या मतदाराला युक्तीच्या चार गोष्टी

ब्रेग्झिटनंतर, म्हणजे ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडल्यावर, इथून म्युनिकच्या भाचीला दिवाळीचा फराळ पाठवला होता. तुळशीचं लग्न उरकलं तेव्हा तो जर्मन कस्टम्सचं दर्शन घेऊन आमच्याच दारात परत आला. चकल्यांचा भुगा, आणि डब्यावर माझ्याच अक्षरातला फॉर्म: 'बेसन लाडू, साजूक तूप'. खासदारांना कळवलं. उत्तर आलं की स्थलांतराच्या प्रश्नावर त्यांचा पक्ष अत्यंत गंभीर आहे.

तेव्हा इथे नव्याने आलेल्यांनो, ऐका. भारतीय पासपोर्टवरही तुम्हाला इथे संसदेच्या निवडणुकीत मत देता येतं. ब्रेग्झिटच्या 2016 च्या सार्वमतातही देता येत होतं. इथे वर्षानुवर्षं नळ जोडणाऱ्या पोलिश प्लंबरला मात्र नाही. एवढा मान मिळालाय तर नीट वागा.

ब्रेग्झिटवाल्यांनी प्रचाराच्या बसवर रंगवलेला आकडा खरा मानावा. आठवड्याला 35 कोटी पौंड युरोपला जातात, ते एनएचएसला, म्हणजे सरकारी आरोग्यसेवेला, देऊ. ब्रिटनला मिळणारी सूट त्यातून वजा केलेली नव्हती, पण बसवर जागा ती किती असणार!

आपल्या वंशाचं कोणी असलं की डोळे मिटून विश्वास ठेवावा. युरोपातून बाहेर पडलो की करी हाऊसना आपल्याकडचे आचारी मिळतील, असं तेव्हाच्या मंत्री प्रीती पटेल सांगत होत्या. पुढे त्याच धंद्यातले बांगलादेशी मालक फसवणूक झाली म्हणून जाहीर ओरडले. चालायचंच.

सार्वमत हरताच, मतदानाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, पंतप्रधान कॅमेरूननी राजीनामा जाहीर करून मोकळं होण्याला जबाबदारी घेणं समजावं.

मंत्र्याला खात्यातलं काही कळावं, असा हट्ट तर मुळीच धरू नये. डॉमिनिक राब ब्रेग्झिटमंत्री होते. देशाचा व्यापार डोव्हर-कॅले या इंग्लंड-फ्रान्समधल्या सागरी मार्गावर किती अवलंबून आहे, हे आपल्याला पुरतं उमगलं नव्हतं, असं त्यांनी 2018 मध्ये भर कार्यक्रमात सांगितलं. अहो, नकाशा तरी उघडायचा! वाहतूकमंत्री ग्रेलिंग त्यांच्याही पुढचे. कराराशिवाय युरोपातून बाहेर पडावं लागलं तर, म्हणून त्यांनी जादा फेरीबोटींचं 1 कोटी 38 लाख पौंडांचं कंत्राट दिलं ते एकही बोट नसलेल्या कंपनीला. तिच्या वेबसाइटवरच्या अटी घरपोच जेवण पोचवणाऱ्यांच्या! कंत्राट रद्द झालं, पण कंत्राटं वाटण्याच्या पद्धतीवरून समुद्राखालचा रेल्वे बोगदा चालवणारी युरोटनेल कंपनी कोर्टात गेली आणि 3 कोटी 30 लाख देऊन तडजोड करावी लागली. कोणाच्या खिशातून? माझ्या, तुमच्या. साहेबांच्या नव्हे. साहेब आता हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये बसतात. आमच्या ऑफिसात चुकीचं बिल पास केलं तर कारकुनाला घरी पाठवतात.

ब्रेग्झिटची खूण म्हणून निळा पासपोर्ट मिळाला ना, त्यावर समाधान मानावं. तो छापायचं कंत्राट एका फ्रेंच-डच कंपनीने घेतलं, तिकडे दुर्लक्ष करावं.

आणि आताचे? ब्रेग्झिटमुळे उत्पादकता दीर्घकाळात, एरवी असती त्यापेक्षा 4 टक्क्यांनी कमी राहील, असं सरकारी अर्थकारणाचे अंदाज मांडणारी ओबीआर ही सरकारचीच संस्था सांगते. तरी 2024 च्या निवडणुकीत दोन्ही मोठे पक्ष या विषयाचं नाव काढायला घाबरत होते. लाज वाटायला हवी. ज्यांनी थापा मारल्या ते पुस्तकं लिहून आणि भाषणं देऊन कमावतायत, आणि ज्यांना ते सगळं दिसत होतं ते मूग गिळून बसलेत. निस्तरायला कोणी तयार नाही. निवडून कशाला येता मग?

आपली माणसंही काही कमी नाहीत. उमेदवार गणेशोत्सवात आला की त्याला शाल, श्रीफळ, मोदक, आणि फोटो लगेच मंडळाच्या ग्रुपवर. अरे, फोटो काढताना एकाने तरी त्याला विचारलंत का, 2019 मध्ये संसदेत ब्रेग्झिटवर त्याने कुठल्या बाजूने मत टाकलं होतं?