वरई कोण कांडणार?

आषाढी जवळ आली की पुण्या-मुंबईच्या किराणा दुकानांत भगरीच्या पिशव्या दर्शनी भागात येतात. भगर म्हणजे आमची वरई. ती पिकते इगतपुरी, पेठ, सुरगाणा, अकोले, जव्हारकडच्या डोंगरउतारावर, हलक्या वरकस जमिनीत. आणि ती पिकवणाऱ्या घरात रोज शिजतो रेशनचा तांदूळ. 'देशी बियाणं वाचवा' म्हणणाऱ्या सगळ्यांनी आधी या गोष्टीचं कारण शोधावं, असं मला फार दिवसांपासून वाटतंय.

कारण साधं आहे. वरईचं टरफल निघता निघत नाही.

माझी आत्या अहिल्यानगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्याच्या पश्चिम भागात, डोंगराच्या अंगाला राहते. तिच्याकडे वरई काढताना बघितलंय. दाणा मोहरीएवढा, टरफल गुळगुळीत आणि चिवट. उखळात घालायची, कांडायची, सुपात पाखडायची, न फुटलेली परत उखळात. परत पाखडायची. मग बारीक खडे वेचायचे. घरातल्या सगळ्यांच्या एका जेवणापुरती वरई निघेस्तोवर अर्धी सकाळ गेलेली असते आणि बाईचे खांदे भरून आलेले असतात. मी तिला म्हटलं, आत्या, घरची वरई सोडून हा रेशनचा तांदूळ कशाला? ती म्हणाली, "तुला एवढी हौस आहे ना, मग धर मुसळ." मी धरलं, आणि थोड्याच वेळात गप्प बसलो.

म्हणून वरई कच्चीच बाजाराला जाते. व्यापारी घेतो, नाशिकच्या भगर गिरण्यांत ती कांडली जाते, पॉलिश होते, कोंड्याबरोबर तिच्यातलं बरंच सत्त्व निघून जातं आणि ती पांढरीशुभ्र होऊन आपल्या उपवासाला येते. भाव चढतो तो गिरणीनंतर. शेतात राबलेल्या बाईच्या वाट्याला ना तो भाव, ना ती भगर.

आता नाचणी बघा. नाचणीचं टरफल मळणीतच सुटतं. धुवा, वाळवा, गावच्या चक्कीवर दळा, भाकरी तयार. म्हणूनच नाचणी अजून बऱ्याच घरांत तग धरून आहे. राळा, सावा, वरई ही कांडावी लागणारी धान्यं मात्र एकेक करून ताटातून गेली. ही धान्यं मागे पडण्याला लोकांची बदललेली आवड, हायब्रीड, रेशन ही सगळी कारणं आहेतच. पण बाईच्या मनगटाचा हिशेब कुठल्याच अहवालात मला नीट मांडलेला दिसत नाही.

पोषणाचं म्हणाल तर शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, पॉलिश तांदळात जेमतेम दहा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या बायकांमधलं रक्तक्षयाचं प्रमाण २०१५-१६ मध्ये ४८ टक्के होतं, ते २०१९-२१ मध्ये ५४ टक्क्यांवर गेलं. सगळं खापर तांदळावर फोडता येणार नाही, रक्तक्षयाला कारणं अनेक असतात. पण ताटातलं वैविध्य कमी झालं की त्याची झळ आधी बाईला लागते आणि मग तिच्या पोराला, हे सांगायला आकडे तरी कशाला हवेत?

भाताच्या देशी जातीही अशाच मागे पडल्या. काळभात, जिरवेल, रायभोग, कोळपी ही नावं आमच्याकडच्या म्हाताऱ्यांच्या तोंडी अजून आहेत. वरच्या, पाणी न धरणाऱ्या खाचरात हळवं म्हणजे लवकर पिकणारं भात, मधल्यात निमगरवं, खालच्या ओलीच्या खाचरात गरवं म्हणजे उशिरा पिकणारं. पाऊस लवकर उघडला तरी हळवं हाताशी लागायचं, लांबला तर गरव्याचं फावायचं. शिवाय कापणी एकदम अंगावर येत नसे. घरचीच माणसं पुढे-मागे सगळं काढायची, मजूर शोधत हिंडावं लागायचं नाही. आता सगळ्या खाचरांत दुकानातली एकच जात. सगळं एकदम पिकतं, आणि ऐन कापणीत पाऊस आला की सगळं एकदमच भिजतं. हायब्रीड लावणाऱ्याला मी नावं ठेवणार नाही, उतारा जास्त पडतो आणि पोरांच्या फिया भरायच्या असतात. पण थोडं खाचर तरी घरच्या बियाण्याला राहू द्यावं, एवढं वाटतं.

याच अकोले तालुक्यात कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे आहेत. शाळेत न गेलेल्या या बाईंनी वालाच्या, भाताच्या, भाज्यांच्या कितीतरी जाती राखल्या आणि त्यांचं बी गावोगावच्या बायकांच्या हातात दिलं. २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली तेव्हा आम्हाला घरच्या माणसाला मिळाल्यासारखा आनंद झाला. मात्र नंतर जो तो त्यांच्यासोबत फोटो काढून गेला. त्या ज्या परसबागेबद्दल बोलत होत्या, ती आपापल्या गावात लावणारे थोडेच. राज्य सरकारनेही २०२२ मध्ये महाराष्ट्र जनुक कोश प्रकल्पाला मंजुरी दिली. चांगलंच आहे, बी कुठेतरी सुरक्षित असायलाच हवं. पण कोशात ठेवलेलं बी कुणाच्या ताटात पोचत नाही. दरवर्षी पेरलं, खाल्लं, शेजारणीला मूठभर दिलं, तरच ते गावात राहतं.

२०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य (मिलेट) वर्ष होतं. महोत्सव झाले, सेल्फी झाल्या, नाचणीची कुकी आली. (तिच्यात मैदा किती ते पाकिटाच्या मागे वाचा.) केंद्राचा हमीभाव ज्वारी, बाजरी, नाचणीला आहे. २०२५-२६ साठी नाचणीचा क्विंटलला ४,८८६ रुपये होता. वरईला स्वतःचा वेगळा हमीभाव नाही. व्यापारी म्हणेल तो भाव.

ओडिशाने २०१७ पासून हे काम उलट्या टोकाकडून केलं. आदिवासी जिल्ह्यांत नाचणी पिकवायला मदत केली, ती सरकारने विकत घेतली, काही जिल्ह्यांत अंगणवाडीच्या पोरांना तिचे लाडू दिले, रेशनवरही दिली, आणि मळणीची-दळणाची यंत्रं बचत गटांच्या बायकांना दिली. पिकवणाऱ्याच्या गावातच खाणारा तयार केला. आपल्याकडे अन्नसुरक्षा कायद्यात २०१३ पासून भरडधान्याची तरतूद आहे. मग आमच्या डोंगरातल्या रेशन दुकानात नाचणी का नाही, आणि अंगणवाडीच्या आहारात वरईचा भात का नाही, हा प्रश्न ग्रामसभेत विचारायला हवा. या वर्षी आम्ही तो ठरावातच घालतोय.

रानभाज्यांवर वेगळं लिहीन. एवढंच सांगतो, ऑगस्टमध्ये तालुक्याला रानभाजी महोत्सव होतो आणि त्याच महिन्यात बांधावर तणनाशक मारलं जातं. कुरडू, पाथरी, तांदुळजा त्यातच जातात.

आता कामाचं. गावातल्या बचत गटाला वरई कांडायचं छोटं यंत्र घ्यायचंय. दोन-तीन ठिकाणी चौकशी केली, सगळे थ्री फेजची मोठी यंत्रं दाखवतात. आमच्याकडे सिंगल फेजच, तीही कधी असते कधी नसते. पॉलिश नको, नुसतं टरफल निघालं की पुरे. दाणा जास्त फुटायला नको, आणि बिघडलं तर राजूरच्या नाहीतर अकोल्याच्या मिस्त्रीला दुरुस्त करता आलं पाहिजे. कुणी असं यंत्र प्रत्यक्ष चालवलं असेल तर इनबॉक्समध्ये लिहा. कॅटलॉग पाठवू नका, कॅटलॉग भरपूर झालेत. चालवणाऱ्या बाईचा फोन लावून द्या, बाकीचं आत्या बोलेल.