एमआर इलास्टोग्राफीचा नकाशा हाताने पडताळता येतो

‘एमआरआयला एक चित्र काढायला कित्येक सेकंद लागतात, सेकंदाला 60 वेळा थरथरणारी लहर त्यात सापडेलच कशी? यकृताचा तो रंगीत नकाशा म्हणजे संगणकाचा अंदाज. म्हणूनच फायब्रोस्कॅनशी आकडा जुळत नाही.’ असा मजकूर बराच फिरतो आहे. तो चुकीचा आहे. एमआर इलास्टोग्राफी म्हणजे यकृतात कंपाची लहर सोडून तिच्यावरून यकृत किती ताठर आहे हे एमआरआयने मोजणं; फायब्रोस्कॅन तेच अल्ट्रासाउंडने मोजतो.

आधी लहरीचं. ती एका झटक्यात टिपावीच लागत नाही. बरगड्यांवर बांधलेली चकती नळीतून येणाऱ्या हवेच्या दाबाने 60 हर्ट्झला कंप पावते, म्हणजे एक आवर्तन 16.7 मिलिसेकंदांचं. एमआरआयची रेडिओ पल्स दर 50 मिलिसेकंदांनी दिली की मध्ये नेमकी तीन आवर्तनं बसतात आणि लहर दर वेळी त्याच अवस्थेत सापडते. कंपाशी जुळवून उलटसुलट होणारा ग्रेडियंट (जागेनुसार बदलणारं चुंबकीय क्षेत्र) प्रोटॉनची हालचाल त्यांच्या फेजमध्ये, म्हणजे फिरण्याच्या टप्प्यात, नोंदवतो, अगदी काही मायक्रॉनची असली तरी. मग कंप पाव-पाव आवर्तनाने सरकवत चार चित्रं घेतली की लहर पुढे जाताना दिसते. मेयो क्लिनिकच्या गटाने हे 1995 मध्येच जेलमध्ये दाखवलं.

नकाशा गणिताने काढतात हे खरं, पण ते गणित कुणालाही करून बघता येतं. फेजच्या चित्रात दोन शिखरांमधलं अंतर मोजा. 2.5 सेंमी भरलं तर वेग 0.025 × 60 = 1.5 मीटर प्रतिसेकंद. त्याचा वर्ग गुणिले घनता 1000, म्हणजे ताठरपणा 2.25 किलोपास्कल: निरोगी यकृत. 4 सेंमी भरलं तर 5.76, आणि तिथे सिरोसिसची (यकृत व्रणांनी कडक होण्याची) शंका घ्यावी लागते. मात्र लहर स्लाइसला तिरकी जात असेल तर हे अंतर फुगतं, म्हणून एकाच स्लाइसवर भिस्त ठेवत नाहीत.

फायब्रोस्कॅन यंग मापांक (ताणण्या-दाबण्याला ऊतीचा विरोध) सांगतो, एमआर शिअर मापांक (आडवं सरकवण्याला विरोध). एकक दोन्हींचं किलोपास्कलच, पण मऊ ऊतींत पहिला दुसऱ्याच्या साधारण तिप्पट असतो. आकडे जुळले असते तरच काळजीचं होतं.

तपासणी फसते ती वेगळ्याच कारणांनी. नळी सैल असेल तर लहर आत पोचतच नाही. यकृतात लोह साठलेलं असेल तर ग्रेडियंट-एको या स्कॅनपद्धतीत सिग्नल बुडतो. तिथे स्पिन-एको ईपीआय ही दुसरी पद्धत वापरावी. जेवून आलेल्या रुग्णाचा ताठरपणा वाढलेला दिसू शकतो, म्हणून चार ते सहा तास उपाशी ठेवतात. रंगीत नकाशा उघडण्याआधी फेजची चित्रं बघा. लहरी स्पष्ट नसतील तर नळी तपासून पुन्हा स्कॅन करा.