गार जागा बघून बसणारं पॅरिलीन

सिलिकॉनच्या वेफरवर, म्हणजे पातळ चकतीवर, पॅरिलीन-सी या प्लास्टिकचा थर चढवायचा म्हणजे तीन तापमानांची मर्जी सांभाळायची. डायमरची (दोन सारखे तुकडे जोडून झालेल्या रेणूची) पांढरी भुकटी 150 ते 175 अंशांना वाफ होते, 690 अंशांच्या भट्टीत तिच्या रेणूचे दोन तुकडे पडतात, आणि ते तुकडे खोलीइतक्याच तापमानाच्या चेंबरमध्ये वेफरवर टेकून साखळी धरतात. एवढी आग ओकून झाल्यावर शेवटी मात्र सगळं गार हवं.

नवख्याचा पहिला प्रश्न ठरलेला: “वेफर तापवला तर थर लवकर वाढेल ना?” नाही हो. उष्णतेनं रासायनिक क्रिया वेग घेते हे खरं, पण रेणू आधी पृष्ठभागावर टिकायला तर हवा! गरम वेफरवर तो टेकतो न टेकतो तोच उडतो. तापमान फार वाढलं तर थर धरतच नाही. हे कळल्यावर उत्साही मंडळी चिलर (वेफरखालची प्लेट गार करणारं यंत्र) थेट उणे 20 वर नेतात. थर भराभर चढतो खरा, पण खडबडीत आणि दुधाळ.

या वाफेचा स्वभाव लग्नातल्या आगंतुकासारखा: गार जागा दिसली की बसलीच. म्हणून चेंबर निर्वात करणाऱ्या पंपाच्या आधी कोल्ड ट्रॅप, म्हणजे वाफ अडवणारा गार सापळा, लागतो, नाहीतर ती पंपाच्या तेलातच संसार थाटते.

चिलरच्या आकड्यावर माझा तरी विश्वास नाही. तो सांगतो प्लेटचं तापमान. वेफर प्लेटला मोजक्या ठिकाणीच टेकलेला असतो आणि निर्वातात उरलेल्या फटीतून उष्णता जवळजवळ जातच नाही. प्लेट उणे 10, वेफर अजून उबेत! जाडी मोजणारा क्वार्ट्झचा स्फटिकही बिलंदर. पाण्यानं थंड ठेवल्यामुळे त्याच्यावर थर जास्त बसतो, आणि तोच आकडा तो वेफरच्या नावावर खपवतो. थंड वेफर असताना चेंबरमध्ये हवा सोडली की त्यावर दव धरतं, ते वेगळंच.

खरी जाडी हवी तर वेफरच्या कडेला आधीच कॅप्टॉन टेपची पट्टी लावावी आणि नंतर ती काढून उरलेली पायरी प्रोफाइलोमीटरनं (पृष्ठभागाचा चढउतार मोजणाऱ्या यंत्रानं) मोजावी. टेप ओढण्याआधी तिच्या कडेनं ब्लेड फिरवायला विसरू नये. थर टेपवरून वेफरवर अखंड गेलेला असतो, ओढली की सगळा सोलून हातात. आधी वेफर सिलेनच्या (थर चिकटायला मदत करणाऱ्या रसायनाच्या) द्रावणात बुडवायचा आळस केला असेल, तर ब्लेड फिरवूनही हातातच. थर किती एकसारखा आणि नितळ झाला होता, हे तेव्हा फार स्पष्ट दिसतं.