सबमिशन, जीटी आणि आमचा मिस्त्री

आज ऑफिसातून घरी आलो तर भाची डायनिंग टेबलवर बसलेली, समोर मैत्रिणीची फाइल उघडी, शेजारी कोऱ्या पानांचा गठ्ठा, आणि मान खाली घालून नुसतं लिहितीय. इलेक्ट्रॉनिक्सच्या थर्ड इयरला आहे. सबमिशनचा आठवडा म्हणून चार दिवस आमच्याकडे आलीय, म्हणते होस्टेलची मेस आणि सबमिशन एकाच वेळी झेपत नाही. मला बघून म्हणाली, मामा तुझं अक्षर माझ्यासारखंच आहे ना, दोन राइट-अप लिहून दे ना प्लीज.

म्हटलं दे. चहा घेऊन बसलो. अर्धं पान झाल्यावर लक्षात आलं की अरे मी ८०५१ या मायक्रोकंट्रोलर चिपच्या पिना काढतोय. चाळीस पिना, डावीकडे वीस उजवीकडे वीस. हीच आकृती मी २००८ साली काढलीय, अशीच दुसऱ्याच्या फाइलवरून, आणि इंटेलने ती चिप आणली १९८० साली, म्हणजे माझ्या जन्माआधी. सटकलीच माझी.

आता कुणीतरी म्हणणार की बेसिक पक्कं करायला तीच चिप बरी. बरीय की. १२८ बाइटची रॅम, चार पोर्ट, सगळी डोक्यात मावते. माझी तक्रार चिपबद्दल नाहीच. सेमिस्टरभर ती धड हाताळायला न देता तिचं चित्र पाच-पाचदा उतरवून घेतात, त्यावर सही करतात आणि त्याला टर्म वर्क म्हणतात, याचं काय?

आणि याच पोरीने दिवाळीत काय केलं माहितीय? आजीच्या गच्चीवरची टाकी भरून वाहायची म्हणून ईएसपी३२ (वायफायवाला छोटा मायक्रोकंट्रोलर) आणि एक अल्ट्रासॉनिक सेन्सर झाकणाखाली लावला, पाणी वर आलं की ताईच्या मोबाइलवर मेसेज. चार दिवसांत सेन्सरवर वाफ धरून रीडिंग गंडायला लागलं, तर हिने श्रीखंडाच्या डब्याला दोन भोकं पाडून त्यात तो बसवला. अजून चालू आहे. मी विचारलं, हे दाखवलंस का कॉलेजात? तर म्हणे, मामा ते सिलॅबसमध्ये नाहीये.

तिथे मला मिस्त्री आठवला.

मिस्त्री म्हणजे आमचा फर्स्ट इयरचा पार्टनर. वडलांची फॅब्रिकेशनची शेड, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या आणि धान्याचे हॉपर करायचे, आणि हा आठवीपासून तिथे पत्रा कापायचा. ड्रॉइंगमध्ये डेव्हलपमेंट ऑफ सरफेसेसची शीट आली तेव्हा आम्ही सगळे मठ्ठासारखे बघत बसलो, आणि याला शंकू उलगडल्यावर कसा दिसतो हे पुस्तकातनं शिकायची गरजच नव्हती. ड्राफ्टर लावला, टू-एच पेन्सिल घेतली, दोन तासांत शीट तयार. मग अख्ख्या विंगने त्याची जीटी मारली. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, जीटी म्हणजे ग्लास ट्रेसिंग. खिडकीची काच काढायची, दोन खुर्च्यांवर आडवी ठेवायची, खाली शंभरचा बल्ब, काचेवर मूळ शीट, तिच्यावर आपली कोरी शीट, आणि गिरवायचं. काच इतकी तापायची की मनगटाला चटका बसायचा. त्यात भारनियमन, मध्येच लाइट गेली की सगळ्यांनी एकसुरात एमएसईबीच्या नावाने बोंब मारायची.

सकाळी मिस्त्रीची शीट पंधरा जणांच्या हाताखालून आलेली. कडेला चहाचा डाग, घामाचे ठसे, शिशाचा काळपटपणा. सरांनी बघितली, "किती घाण शीट! रिपीट", आणि लाल पेनाने या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत रेघ. आमच्या पंधराच्या पंधरा शीटवर सही.

त्या रात्री मिस्त्रीने माझ्या शीटवरून जीटी मारली. स्वतःच्याच शीटची! मी बल्ब धरून बसलोवतो. मध्येच थांबला, बोट ठेवून म्हणाला, "लाइट गेली तेव्हा तुझी शीट सरकली बघ, कर्व्ह खाली गेलाय. असा पत्रा कापलास तर जोड बसणार नाय." माझी शीट सही झालेली होती हं. त्याने त्याच्यात नीट केलं आणि गिरवत राहिला.

हे लिहिताना पण कानशिलं तापतायत.

बरं, मास्तर लोकांचं पण ऐकून घेतो. निम्मे तासिका तत्त्वावर, वर नॅकच्या, म्हणजे कॉलेजच्या मूल्यांकनाच्या, फायली. त्या ड्रॉइंगच्या सरांचा पगार तीन-तीन महिने व्हायचा नाही हे आम्हाला फार नंतर कळलं, आणि सत्तर शीट एका दुपारी तपासणारा माणूस डागच बघणार, कर्व्ह कुठून बघेल. आणि हेही खरं की १९८३ ला वसंतदादांनी विनाअनुदानित कॉलेजांना परवानगी दिली नसती तर साखर कारखान्याच्या वजनकाट्यावरच्या क्लार्कचा पोरगा इंजिनिअर झालाच नसता, डोनेशन भरून कर्नाटकात जायची आमची ऐपत कुठली. त्यामुळे कॉलेजला सरसकट शिव्या घालायला माझी जीभ रेटत नाही. पण चाळीस वर्षं झाली ना राव, अजून किती दिवस काच आणि बल्ब?

भाचीला विचारलं, निदान प्रिंट तरी चालते का. तर म्हणे नाही, हातानेच लिहायचं, पोरं चॅटजीपीटीवरून काढतात म्हणून. मग आता काय करतात? चॅटजीपीटीवरून काढतात आणि हाताने लिहितात. मला हसावं का रडावं कळेना. मैत्रिणीची ही फाइल पण तशीच आलेली असणार, कुणी सुरुवात केली देव जाणे. एखाद्या पोराने खरंच स्वतः लिहिली असेल तर त्याची बहुतेक कोपरे दुमडलेत म्हणून परत आली असेल.

मिस्त्रीला मगाशी फोन केला. वडलांची शेड आता तोच बघतो. म्हटलं आठवतंय का ते, तर जोरात हसला, "अरे ती लाल रेघवाली शीट लय दिवस शेडमध्ये होती, पोरं तीच बघून शंकू कापायची." मग मागे ग्राइंडर चालू झाला आणि पुढचं काही ऐकू आलं नाही.

साडेबारा वाजलेत. भाची टेबलवरच डोकं टेकून झोपलीय, सकाळी सातची बस आहे. पोर्ट थ्रीच्या आठ पिनांची नावं राहिलीत अजून. पेन्सिलीला टोक करतो.