‘भाव कुठे उतरलाय?’ : एका प्रतिक्रियेला सविस्तर उत्तर

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. थोडक्यात तुमचं म्हणणं असं : घरांचा बाजार मंदावलाय असं मी लिहिलं, पण तुमच्या भागात एकानेही भाव उतरवलेला नाही, शेजारचं घर तर पाच दिवसांत गेलं, आणि माझ्यासारखे लोक ‘थांबा, थांबा’ करत विकणाऱ्यांच्या पोटावर पाय देतात.

‘थांबा’बद्दल तुमचं बरोबर आहे. ते मी सरसकट लिहायला नको होतं. थांबणारा दर महिन्याला भाडं भरत असतो, आणि तेवढ्यात व्याजदर चढला तर भाव उतरूनही त्याच्या हाती काही लागत नाही. २० वर्षांच्या कर्जाचा व्याजदर ७ वरून ९ टक्क्यांवर गेला की हप्ता सुमारे १६ टक्क्यांनी वाढतो. हप्ता तेवढाच ठेवायचा म्हटलं, तर कर्ज जवळजवळ १४ टक्के कमी मिळतं. अशा माणसाला भावातली १० टक्के घट काय कामाची? ते वाक्य लेखातून काढलं आहे.

‘कोणीच भाव उतरवला नाही’ हे मात्र मंदी नसल्याचा पुरावा म्हणून मला मान्य नाही. घरांच्या बाजारात भाव सगळ्यांत शेवटी हलतो. आधी घर बघायला येणारे कमी होतात, मग आलेले ‘कळवतो’ म्हणून जातात ते जातातच, मग महिन्याचे सौदे घटतात. मालक तरीही आकडा सोडत नाही, कारण त्याच्या डोक्यात स्वतः मोजलेली किंमत पक्की बसलेली असते. डेव्हिड जेनेसोव्ह आणि ख्रिस्तोफर मेयर या अर्थतज्ज्ञांनी बोस्टनमधल्या १९९० ते १९९७ या काळातल्या फ्लॅटविक्रीचा अभ्यास करून २००१ मध्ये हेच दाखवलं. ज्यांना तोट्यात विकावं लागणार होतं, त्यांनी मागितलेली किंमत चढी ठेवली. त्यांना थोडे जास्त पैसे मिळालेही, पण मागितले त्या मानाने फारच थोडे, आणि घरं जास्त दिवस पडून राहिली.

शिवाय भाव न उतरवता उतरवण्याच्या युक्त्या आहेतच. बिल्डर दर कमी करत नाही, कारण आधी घेतलेले लोक दारात येऊन बसतील. तो पार्किंग देतो, नोंदणीचा खर्च उचलतो, स्वयंपाकघर सजवून देतो. कागदावर दर जिथल्या तिथे. जुन्या घराचा मालक फर्निचर सोडून जातो. आणि जाहिरात शिळी झाली की एजंट ती काढून पुन्हा टाकतो, म्हणजे सात महिने पडून असलेलं घर ‘आजच आलेलं’ दिसतं. (हा प्रकार कळायला मला स्वतःलाही वेळ लागला.)

तुम्ही सरासरी भाव वाढल्याचंही लिहिलंय. हप्ता झेपेनासा झाला की सहसा लहान घरं घेणारे आधी मागे हटतात. मग सौदे होतात ते जास्त करून मोठ्या घरांचे, आणि एकाही घराची किंमत न वाढता सरासरी चढते. म्हणूनच कार्ल केस आणि रॉबर्ट शिलर या अर्थतज्ज्ञांनी एकच घर दोनदा विकलं गेलं तेव्हाच्या किमती ताडून निर्देशांक काढायची पद्धत रूढ केली.

आता शेजारचं घर. ते पाच दिवसांत गेलं यावर माझा विश्वास आहे. मंदीतही नीट राखलेलं, कागदपत्रं चोख असलेलं आणि मुळात रास्त भावात काढलेलं घर झटकन जातं. पण गेलेल्या घराची चर्चा होते, पडून असलेल्यांची होत नाही. तुमच्या भागात तशाच आकाराची किती घरं विक्रीला आहेत ते मोजा आणि महिन्याला किती जातात त्याने भागा. ६० घरं आणि महिन्याला १० सौदे असतील तर सहा महिन्यांचा साठा. तो साधारण समतोल मानतात. महिन्याला चारच जात असतील तर तो पंधरा महिन्यांचा होतो, मग जाहिरातीत आकडा काहीही असो. तुमचं उत्तर तीन महिने आलं, तर तुमच्या गल्लीपुरता मी चुकलो. घरांचा बाजार गल्लीगणिक बदलतो आणि मी अख्ख्या शहरावर एकच शिक्का मारला, हेही खरं.

विकणाऱ्यांचा शत्रू मात्र मी नाही. विकणाऱ्यांपैकी कितीतरी जण लगेच मोठं घर घेणारे असतात. ६० चं विकून १०० चं घ्यायचं असेल तर वर ४० घालावे लागतात. दोन्ही घरं १० टक्क्यांनी उतरली तर ५४ आणि ९०, म्हणजे ३६ च. फटका बसतो तो घर विकून बाजाराबाहेर पडणाऱ्याला, आणि भर तेजीत मोठं कर्ज काढून घेतलेल्याला. त्यांच्याबद्दल मी लेखात एक ओळही लिहिली नव्हती. ती भर आज घातली आहे.

एक विचारायचं राहिलं : शेजारचा सौदा जाहिरातीतल्याच आकड्याला झाला का? विसार देताना ठरलेली रक्कम कळली तर जरूर लिहा.